ग्राइंडरचे लाल बटण आणि त्यामागचे सर्किट : एका पॅनेल फर्मच्या कामाचा वर्षभराचा अनुभव

जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिक चटईचा लहानसा कारखाना आहे. पॉलिप्रॉपिलीनचे भंगार ग्राइंडरमध्ये दळायचे, त्याचा दाणा करायचा, एक्स्ट्रूडरवर त्या दाण्याचा धागा ओढायचा आणि तो धागा मागावर चढवायचा, असे सगळे टप्पे एकाच पत्र्याच्या शेडखाली चालतात. गेल्या वर्षी अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत, कामगार गावी गेलेले असताना, ग्राइंडर, एक्स्ट्रूडरचे ओढणारे रोलर आणि एक माग अशा तीन यंत्रांची सुरक्षा सर्किटे आम्ही नव्याने बसवून घेतली. काम भुसावळच्या दोन भावांच्या पॅनेल फर्मने, म्हणजे यंत्रांची विजेची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या फर्मने केले. फर्मचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे कौतुकाइतक्याच तक्रारीही आहेत आणि त्यांपैकी काही त्यांनी नंतर पदराला खार लावून दुरुस्त केल्या आहेत. ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांना पॅनेलवाल्याकडून नेमके काय मागावे आणि काय तपासावे हे कळावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हे काम करण्याची गरज का पडली ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या ग्राइंडरला लाल मशरूम बटण पहिल्यापासून होते. एका दुपारी भंगारातून लोखंडाचा तुकडा हॉपरमध्ये, म्हणजे भंगार टाकायच्या तोंडात गेला, आत खडखडाट सुरू झाला आणि ऑपरेटरने ते बटण दाबले. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. तो ओरडत आला, "भाऊ, बटन दाबं, तरी बंद नही व्हयनं!" मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला तेव्हा मोटर थांबली. नंतर स्टार्टर उघडला तर कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या स्विचच्या, तीनपैकी दोन पोलांचे कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटलेले होते. बटणाने आपले काम चोख केले होते. कॉइलचा पुरवठा तुटला होता, परंतु कॉन्टॅक्टर सुटलाच नव्हता, आणि दोन फेजवर मोटर गुरगुरत का होईना फिरत राहिली होती. त्याहून वाईट गोष्ट मला नंतर उमगली. मोटरवर जादा भार आला की सुटणाऱ्या ओव्हरलोड रिलेने ट्रिप केले असते तरी उपयोग नव्हता, कारण तोदेखील त्याच कॉन्टॅक्टरच्या त्याच कॉइलचा पुरवठा तोडतो. म्हणजे आम्ही ज्यांना दोन संरक्षणे समजत होतो ती एकाच खुंटीला टांगलेली होती. त्या दिवशी कोणाचा हात गेला नाही, हे निव्वळ नशीब.

या कामासाठी तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. दोघांनी यंत्र न पाहताच फोनवर सांगितले, की चार इमर्जन्सी लावून देतो, एवढे पैसे होतील. भुसावळच्या फर्मचा थोरला भाऊ मात्र स्वतः आला आणि पहिला अर्धा दिवस त्याने एकही माप घेतले नाही. चाळणी कशी साफ करता, पाती किती दिवसांनी बदलता, तुकडा अडकला तर कोण काढतो आणि तेव्हा मेन स्विच खरोखर बंद करतो का, असे प्रश्न त्याने विचारले, आणि तेही मला नव्हे, ऑपरेटरला. मालकासमोर ऑपरेटर "हो, बंद करतो" असेच सांगणार हे त्याला ठाऊक असावे, कारण थोड्या वेळाने त्याने मला चहा सांगायला पाठवले. मी परत आलो तोपर्यंत त्याच्या वहीत खरे उत्तर लिहिलेले होते : घाईच्या वेळी मेन स्विच बंद केला जात नाही. केवळ या अर्ध्या दिवसासाठीही मी ही फर्म पुन्हा निवडेन.

या वहीवरून त्याने धोक्याची पातळी ठरवली. यंत्रांच्या सुरक्षा सर्किटांसाठीच्या आयएसओ १३८४९-१ या मानकात त्यासाठी तीन प्रश्न आहेत. इजा किरकोळ होईल की कायमची, माणूस धोक्याजवळ वारंवार जातो की क्वचित, आणि ऐनवेळी धोका टाळता येईल का. ग्राइंडरच्या पात्यांमुळे होणारी इजा कायमची असते. हॉपर पाळीत मोजक्या वेळाच उघडला जातो. मात्र हात आत असताना रोटर फिरला तर टाळण्यासारखे काहीही हाती उरत नाही. या तीन उत्तरांवरून आवश्यक पातळी 'पीएल डी' निघते (पीएल म्हणजे परफॉर्मन्स लेव्हल, सर्किट किती भरवशाचे हवे याची पातळी). ए ते ई अशा पाच पातळ्यांपैकी ही वरून दुसरी. त्याने हे गणित वहीच्या पानावर आम्हांला समजावून दिले आणि नंतर सिस्टेमा या जर्मनीतील आयएफए संस्थेने मोफत उपलब्ध केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये घालून त्याची प्रतही देण्याचे कबूल केले. ती प्रत मिळायला किती दिवस लागले हे पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष सर्किटाविषयी. जुना २३० व्होल्टचा कंट्रोल काढून २४ व्होल्ट डीसी केला आणि एका कॉन्टॅक्टरच्या जागी एकापाठोपाठ एक असे दोन कॉन्टॅक्टर मोटरच्या पुरवठ्यात घातले, जेणेकरून एक चिकटला तरी दुसरा पुरवठा तोडेल. लाल बटणामागे दोन स्वतंत्र एनसी, म्हणजे एरवी जुळलेले आणि बटण दाबताच उघडणारे, कॉन्टॅक्ट असून दोघांच्या वायरी सेफ्टी रिलेपर्यंत, म्हणजे या वाहिन्यांवर लक्ष ठेवून कॉन्टॅक्टर सोडणाऱ्या रिलेपर्यंत, वेगवेगळ्या जातात. या दोन वाहिन्यांना पुरवठ्याची विरुद्ध टोके जोडलेली असल्यामुळे केबल चिरडून त्या एकमेकींना टेकल्या तर रिले लगेच सुटतो. दोन्ही कॉन्टॅक्टरांचा एकेक एनसी सहायक कॉन्टॅक्ट रिलेच्या फीडबॅक मार्गात घातलेला आहे, त्यावरून कॉन्टॅक्टर खरोखर सुटले का हे रिलेला कळते. हे सहायक कॉन्टॅक्ट साध्या प्रकारचे चालत नाहीत. ते 'मिरर कॉन्टॅक्ट' प्रकारचे लागतात, म्हणजे मुख्य पोल चिकटलेला असेल तर एनसी कॉन्टॅक्ट जुळूच शकत नाही अशी त्यांची यांत्रिक रचना असते. म्हणून एखादा कॉन्टॅक्टर चिकटला, की चालू पाळीत दुसरा यंत्र थांबवतो आणि पुढच्या वेळी रिले रीसेटच होत नाही. आमच्या जुन्या सर्किटात नेमकी हीच जाणीव नव्हती. ते बिघडले तरी त्याला स्वतःला पत्ता नव्हता आणि आम्हांला पत्ता लागला तो ऑपरेटरच्या आरोळीने.

बटणाबाबतची एक बारीक गोष्ट मला या फर्मकडूनच कळली. मशरूम बटणाचे डोके पॅनेलच्या बाहेर असते आणि कॉन्टॅक्टचा ठोकळा मागून खटक्याने बसवलेला असतो. यंत्राच्या कंपनाने तो ठोकळा सुटून मागे लोंबकळला, तर एनसी कॉन्टॅक्ट जोडलेलाच राहतो आणि पुढून बटण कितीही दाबले तरी काहीच होत नाही. ग्राइंडरसारख्या सतत थरथरणाऱ्या यंत्रावर हे सहज घडू शकते. त्यांनी लावलेल्या ठोकळ्यात एक जादा कॉन्टॅक्ट असून ठोकळा डोक्यापासून सुटताच तो उघडतो आणि यंत्र थांबते. किमतीत फरक काहीशे रुपयांचा आहे. दरपत्रक घेताना याविषयी जरूर विचारावे.

सेफ्टी रिले कोणत्या कंपनीचा लावला याला मी फार महत्त्व देत नाही. जर्मनीच्या पिल्झ कंपनीने १९८७ मध्ये 'पीएनओझेड' नावाचा इमर्जन्सी-स्टॉप रिले बाजारात आणला, त्याला आता बराच काळ लोटला असून आज अनेक कंपन्यांचे तशाच कामाचे रिले मिळतात. आमच्याकडे वायरिंग करणारा मुलगा तर हातात भलत्याच कंपनीचा रिले धरून "पिल्झ लावतोय" असे म्हणत होता. या सगळ्यांत महत्त्वाचे ते एकच, की रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट एकमेकांशी यांत्रिकरीत्या बांधलेले असतात, त्यामुळे एक चिकटला तर त्याच्या विरुद्धचा कॉन्टॅक्ट खोटे बोलू शकत नाही. साधे प्लग-इन रिले वापरून तेच सर्किट स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला हा एक प्रश्न विचारला की पुरे.

काम ताब्यात देण्याच्या दिवशी धाकट्या भावाने जे केले, त्याला मी या संपूर्ण सेवेतला सर्वांत मोलाचा भाग मानतो. त्याने आम्हां सर्वांना पॅनेलपुढे उभे केले आणि आपलेच सर्किट आमच्या देखत एकेक करून बिघडवले. "समजा, ही वायर उंदराने खाल्ली," असे म्हणून त्याने बटणाच्या एका वाहिनीची वायर टर्मिनलमधून काढली. रिले सुटला. वायर पुन्हा लावली तरी तो उठेना. बटण पूर्ण दाबून सोडल्यावर, म्हणजे दोन्ही वाहिन्या उघडून पुन्हा जुळल्यावरच त्याने रीसेट स्वीकारले. नंतर दोन वाहिन्यांमध्ये वायरचा तुकडा टेकवला आणि रिले पुन्हा सुटला. मग मोटरचा पुरवठा आयसोलेटरने तोडून, केवळ कंट्रोल चालू ठेवून, त्याने एका कॉन्टॅक्टरचा सरकता भाग इन्सुलेटेड दांडीने दाबून धरला आणि मला रीसेट दाबायला सांगितले. मी तीनदा दाबले, परंतु दिवा लागला नाही. शेवटी त्याने रीसेटचे बटणच चिकटपट्टीने दाबलेल्या स्थितीत बांधून ठेवले. ऑपरेटर असे करतातच, असे तो म्हणाला. तरीही यंत्र आपोआप सज्ज झाले नाही, कारण हा रिले बटण दाबून सोडण्याच्या क्षणालाच मान देतो, नुसत्या दाबून ठेवलेल्या बटणाला नव्हे. आणि रीसेटने यंत्र सुरू होत नाही, ते केवळ सुरू करण्याची परवानगी देते. स्टार्ट वेगळा दाबावा लागतो. ज्या दुपारी ते जुने बटण निकामी ठरले होते, त्या पाळीचा ऑपरेटर शेजारीच उभा होता. त्याने स्वतः ती दांडी हातात घेऊन पाचवी चाचणी केली, आणि त्यानंतर त्याला काही समजावण्याची गरज उरली नाही.

हॉपरच्या दाराचे काम मात्र सरळ झाले नाही, आणि त्याची हकीकत थोडी लांब आहे. ग्राइंडरच्या रोटरला जड फ्लायव्हील असल्यामुळे पुरवठा तुटल्यानंतरही तो बराच वेळ फिरत राहतो. त्यांनी स्टॉपवॉचने मोजले तेव्हा ३४ सेकंद भरले. मी पुण्याच्या प्रदर्शनात पाहिलेला प्रकाशाचा पडदा, म्हणजे किरण अडला की यंत्र थांबवणारा लाइट कर्टन, लावण्याचा हट्ट धरला होता. थोरल्या भावाने कागदावर गणित मांडले. आयएसओ १३८५५ मध्ये पडदा किती अंतरावर असावा हे काढताना माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात. थांबायला ३४ सेकंद लागत असतील तर पडदा चोपन्न मीटरांवर हवा. आमचे शेडच तेवढे लांब नाही; पडदा फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या दालमिलच्या अंगणात रोवावा लागला असता. तेव्हा यंत्र थांबेपर्यंत दार बंदच ठेवणारे लॉक हाच मार्ग उरला.

लॉक निवडतानाही त्यांनी माझे ऐकले नाही, हे बरे झाले. विजेने धरून ठेवणारे चुंबकीय लॉक स्वस्त पडत होते. परंतु वीज गेली की ते लॉक सुटते आणि रोटर मात्र फिरतच असतो. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की वीज जाते, मग हा हिशेब कागदावरचा राहत नाही. म्हणून स्प्रिंगने बंद राहणारे आणि उघडण्यासाठीच वीज लागणारे लॉक लावले. वीज नसताना दार अडकून राहते आणि त्याबद्दल ऑपरेटरांची कुरकूर असते, पण आपत्काळात उघडण्यासाठी त्याला वेगळी किल्ली आहे आणि ती माझ्या टेबलात असते.

हे लॉक उघडण्यासाठी त्यांनी ४० सेकंदांचा टायमर ठेवला, आणि येथे त्यांची चूक झाली. जूनमध्ये एके रात्री पाळीत ग्राइंडरचे पट्टे निसटले. ऑपरेटरने स्टॉप दाबला, ४० सेकंदांनी लॉक 'टक्' करून सुटले, त्याने दार उघडले आणि आत पाती अजून सावकाश फिरत होती. कारण साधे आहे. पट्टे जागेवर असताना मोटर आणि पट्टे यांचे घर्षण रोटरला रोखते. पट्टे निसटले, की रोटर मोकळा होऊन अधिक वेळ फिरतो. नव्या पात्यांनी किंवा मोकळ्या झालेल्या बेअरिंगनेही हा वेळ बदलतो. यंत्राच्या एका दिवसाच्या स्थितीवर टायमर बेतला होता. मी सकाळी फोन केला, तेव्हा थोरला भाऊ दुपारच्या आत हजर झाला. त्याने आधी मोटरच्या टर्मिनलवरचा उरलेला व्होल्टेज पाहून 'थांबली' असे ठरवणारा रिले सुचवला. तो बसवायला सोपा आणि स्वस्तही होता. पण चहा पिता पिता त्याने स्वतःच तो बेत रद्द केला : पट्टे तुटले तर मोटर थांबलेली असेल आणि रोटर फिरत असेल, आणि हा रिले पाहतो तो मोटरला. अखेर रोटरच्या बाजूच्या पुलीवर दोन प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि त्यांचा वेग-निरीक्षक रिले बसवला. दोन सेन्सर अशा अंतरावर लावले आहेत, की कोणत्याही क्षणी किमान एक तरी पुलीवरचा लोखंडी दात पाहत असतो. दोघेही एकदम आंधळे झाले, तर वायर तुटली किंवा सेन्सर सरकला असे रिले समजतो आणि दार उघडत नाही. हे सेन्सर धातूच ओळखतात, त्यामुळे प्लास्टिकच्या धुळीचा त्यांना त्रास नाही. या बदलाचा निम्मा खर्च फर्मने सोसला. चूक मान्य करण्याची रीत मला आवडली, पण पट्ट्याच्या यंत्रावर ही गोष्ट पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती, हेही खरे.

एक्स्ट्रूडरच्या रोलरांचे काम त्या मानाने निर्वेध झाले. तेथे पूर्वी इमर्जन्सी बटण ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या, साध्या इनपुटला जोडलेले होते, म्हणजे बटण ड्राइव्हला थांबण्याची विनंती करत असे आणि थांबायचे की नाही हे ड्राइव्हमधल्या प्रोग्रॅमच्या हाती असे. आता ड्राइव्हच्या एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ, म्हणजे मोटरला फिरवणारा जोर तोडणाऱ्या) या खास टर्मिनलांवर रिलेच्या दोन वाहिन्या येतात. पुरवठा एकदम तोडला तर जड रोलर घरंगळत राहतात, म्हणून आधी ड्राइव्ह त्यांना एका सेकंदात ब्रेक लावून थांबवतो आणि दीड सेकंदाने रिलेचे उशिरा सुटणारे कॉन्टॅक्ट एसटीओ तोडतात. मानकात यालाच श्रेणी १ चे थांबणे म्हणतात. इमर्जन्सीसाठी श्रेणी ० किंवा १ यांपैकीच एक लागते. रोलरांच्या दोन्ही अंगांना कमरेच्या उंचीवर ओढण्याची दोरी दिली आहे. एसटीओ म्हणजे वीज तोडणे नव्हे, टर्मिनलवर जिवंत व्होल्टेज असू शकते आणि देखभालीसाठी आयसोलेटरला कुलूप लावलेच पाहिजे, अशी मराठी पाटी त्यांनी न सांगता ड्राइव्हच्या झाकणावर लावून दिली.

मागाच्या कामाविषयी माझी तक्रार आहे. त्याच्या चार दारांचे स्विच त्यांनी एका सेफ्टी रिलेवर मालिकेत जोडले. यात पैसे वाचतात, मात्र एका दाराच्या स्विचमध्ये एक वाहिनी बिघडली आणि ती रिलेच्या लक्षात आली, तरी कोणी दुसरेच दार उघडून बंद केले की रिलेला दोन्ही वाहिन्या पुन्हा व्यवस्थित उघडून मिटलेल्या दिसतात आणि तो बिघाड पुसला जातो. मालिकेतल्या दारांचा हा दोष मानकांच्या मंडळींना माहीत आहे आणि अशा जोडणीला म्हणूनच वरची पातळी धरता येत नाही. फर्मचे म्हणणे असे, की मागावरचा धोका कमी पातळीचा आहे आणि तेथे एवढे चालते. ते बहुधा बरोबर असेल, पण दरपत्रकात हे लिहायला हवे होते, मला वायरिंगचा नकाशा वाचून विचारावे लागायला नको होते.

उरलेल्या तक्रारींत सर्वांत मोठी उन्हाची. पॅनेल त्यांनी पश्चिमेच्या पत्र्याला टेकवून उभे केले. जळगावचा मे महिना ज्याने अनुभवला आहे त्याला पुढचे सांगायला नको. बाहेर ४५ अंश असताना दुपारी चारला पॅनेलच्या आत मी थर्मामीटर ठेवला तर ५८ दिसले. रिलेच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा ५५ होती. पंधरा दिवस रोज दुपारी ग्राइंडर आपोआप थांबत होता आणि फोनवर आम्हांला सांगितले जात होते, की व्होल्टेज खाली येत असेल, एमएसईबीकडे तक्रार करा. अखेर धाकटा भाऊ येऊन दुपारभर पॅनेलशेजारी बसला, तेव्हा त्याला स्वतःलाच घाम फुटला आणि पॅनेल आतल्या भिंतीवर हलले. सर्किट सुरक्षित बाजूलाच निकामी होत होते हे मान्य, यंत्र बंद पडत होते, सुरू राहत नव्हते. पण असे उगाच बंद पडणारे संरक्षण कामगारांच्या डोळ्यांत खुपू लागते आणि मग ते बायपास करण्याच्या युक्त्या निघतात.

तशी युक्ती आमच्याकडेही निघालीच, आणि तिला वाट फर्मनेच करून दिली होती. हॉपरच्या लॉकला दारावर बसणारी एक धातूची जीभ असते, ती स्विचमध्ये शिरली की दार बंद असल्याचे सर्किट मानते. फर्मने कौतुकाने एक जादा जीभ पॅनेलच्या नकाशाच्या खणात ठेवून दिली होती. तिसऱ्या आठवड्यात ती मला सुतळीने बांधून स्विचच्या खाचेत अडकवलेली दिसली, दार सताड उघडे आणि ग्राइंडर चालू. मी त्या मुलाला दोष दिला नाही. चाळणीत चिकटलेले प्लास्टिक रोटर फिरत असतानाच पाहून काढण्याची त्याची सवय होती आणि कोणीतरी त्याच्या हाताशी किल्ली ठेवली होती. जीभ त्याच दिवशी तिजोरीत गेली. फर्मने नंतर सांकेतिक चिप असलेला स्विच बसवून दिला, त्याला दुसरी कोणतीही जीभ चालत नाही. त्याचे जादा पैसे मात्र आम्हीच भरले. रीसेटचे बटणही प्रथम खांबाआड होते, तेथून हॉपर दिसतच नव्हता. ज्या जागेवरून धोक्याचा सगळा भाग नजरेत येतो तेथेच रीसेट असला पाहिजे, हे त्यांना सांगितल्यावर ते तासाभरात हलले.

कागदपत्रांबाबत त्यांचा कारभार ढिला आहे. वायरिंगचा नकाशा पहिल्या दिवशी मिळाला आणि तो नीटनेटका आहे. फेरूलवरचे (वायरीच्या टोकावरच्या नळीवरचे) क्रमांक आणि नकाशावरचे क्रमांक मी एका रविवारी बसून ताडून पाहिले, एकही चुकलेला नव्हता. परंतु धोक्याच्या मूल्यांकनाची वही, सिस्टेमाची प्रत आणि त्या दिवशी आमच्यासमोर केलेल्या चाचण्यांची नोंद यांसाठी दीड महिना पाठपुरावा करावा लागला. ही केवळ कागदाची हौस नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम कुंपण घालण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती, आणि उद्या काही घडले तर ती कशी पाळली हे दाखवायला कारखानदाराच्या हाती हेच कागद असतात. दाराच्या स्विचांची ठरावीक मुदतीने चाचणी घ्यावी लागते, कारण जे दार वर्षभर उघडलेच नाही त्याचा बिघाड रिलेला कळणार तरी कसा. पीएल डी आणि श्रेणी ३ साठी (ही श्रेणी सर्किटाच्या रचनेची, वर आलेली थांबण्याची नव्हे) निदान १२ महिन्यांतून एकदा, असे आयएसओ १४११९ सांगते. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी करतो. वीस मिनिटे लागतात.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर तीन यंत्रांचे मूळ बिल जीएसटी सोडून १ लाख ६५ हजार रुपये झाले, त्यात ग्राइंडरचा वाटा जवळजवळ निम्मा होता. सेन्सर आणि चिपचा स्विच यांमुळे आमच्याकडून आणखी २१ हजार गेले. चार इमर्जन्सी बटणे लावून देणाऱ्यांचे दरपत्रक १८ हजारांचे होते. बोलावल्यावर येण्याच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. वर्षभरात पाच वेळा बोलावले, चारदा त्याच दिवशी आले आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, तेही भुसावळला पाण्याची पाइपलाइन फुटून त्यांचेच दुकान भरले होते म्हणून.

दुसऱ्या मागाचे काम याच फर्मला देण्याचे ठरवले आहे, मात्र प्रत्येक दाराला स्वतंत्र वाहिन्या आणि पॅनेलची जागा आधी थर्मामीटर लावून पाहिल्यावर, या दोन अटींवर. पहिल्या कामाचे शेवटचे दहा हजार रुपये मी अद्याप राखून ठेवले आहेत. महिन्याच्या चाचणीचा तक्ता त्यांनी इंग्रजीत दिला आहे आणि तो वाचायचा आहे ऑपरेटरला. मराठीत छापलेला तक्ता पॅनेलच्या दारावर चिकटला, की त्याच दिवशी चेक तयार आहे.